मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती, आणि हिशेब कसा मांडायचा

आमच्या सोसायटीतून दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-वडील अमेरिकेला निघतात. जिन्यात गाठ पडली की पहिला प्रश्न ठरलेला: "एकूण किती तास लागतात हो?" पूर्वी मी सांगायचे, सोळा. आता सांगते, अठ्ठावीस. सोळा तास विमानाचे, अठ्ठावीस तुमचे. कोथरूडच्या घराला कुलूप लावल्यापासून एडिसनला लेकीच्या सोफ्यावर टेकेपर्यंतचे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची तारांबळ उडते ती या दोन आकड्यांमधल्या बारा तासांत.

माझी लेक न्यू जर्सीत असते. मी आणि हे, आम्ही दोघं चार वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेला ज्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, त्या इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी विमानतळाचं नाव पक्कं करा

"मुंबईहून न्यूयॉर्क" एवढ्यावर थांबू नका. मुंबईकडे आता दोन विमानतळ आहेत. अंधेरीजवळचा जुना, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याचं तिकिटावरचं नाव बीओएम. दुसरा नवी मुंबईचा, एनएमआय. तिथून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं सुटू लागली. पुण्याहून येताना हे दोन रस्ते अर्ध्या वाटेवर वेगळे होतात, तेव्हा गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला तिकिटावरची अक्षरं वाचून दाखवा.

पलीकडेही तसंच. लांबची विमानं न्यूयॉर्कच्या जेएफकेला उतरतात किंवा न्यू जर्सीतल्या नेवार्कला. मुलं एडिसन, इसेलिन, प्लेन्सबरो या बाजूला राहत असतील तर नेवार्क सोयीचं. एडिसन तिथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. जेएफके शहराच्या दुसऱ्या टोकाला, मधे पूल आणि गर्दी. संध्याकाळी उतरलात तर तिथून दोन तासही लागतात. तिकीट थोडं स्वस्त मिळालं म्हणून जेएफके घेतलं आणि मुलाची अर्ध्या दिवसाची रजा गेली, असं आमच्या ओळखीत दोन घरी झालं आहे.

२. अंतर मोजायचं ते पृथ्वीच्या गोलावर

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विषुववृत्ताचा पूर्ण फेरा चाळीस हजारांचा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वी.

भिंतीवरच्या नकाशात बघाल तर वाटेल की विमान अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक असं आडवं जात असेल. तसं नसतं. नातवंडांचा पृथ्वीचा गोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो झपकन वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड-स्वीडन, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून खाली कॅनडातलं लॅब्रॅडॉर आणि मग न्यूयॉर्क. ह्यांनी हा दोरा मला जाण्याच्या आदल्या आठवड्यात दाखवला. मला ते दोन्ही टोकांवरचे अंगठे अजून आठवतात, कारण तोवर अमेरिका म्हणजे "पश्चिमेला कुठेतरी" एवढंच डोक्यात होतं.

हा दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट. विमान दरवेळी तिच्यावरूनच जाईल असं नाही. वाऱ्याप्रमाणे वाट बदलते, आणि देशांच्या भांडणांप्रमाणेही. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, भारतानेही त्यांच्या विमानांना. मग वळसा पडतो, वेळ वाढतो, क्वचित इंधनासाठी मधे उतरावंही लागतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचे तास आपल्याला तसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्या तिकिटावरचा आकडाच धरा.

वेगाचा अंदाज हवा असेल तर मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. साडेबारा हजाराला ९०० ने भागलं की चौदा तास येतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरणं, वळसा आणि समोरून येणारा वारा मिळवा. जाताना साडेपंधरा ते सोळा तास होतात ते असे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास साधारण एक-दीड तासाने कमी, साडेचौदाच्या आसपास.

३. थेट जायचं की थांबा घेऊन?

लोकांना वाटतं की थांबा घेतला म्हणजे अंतर खूप वाढतं. युरोपातून गेलं तर तसं होत नाही. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज पावणेतेरा हजार, म्हणजे थेटपेक्षा दोनशे-अडीचशे किलोमीटर जास्त फक्त. दुबईवरून तेराच्या आत. वाढतो तो थांब्याचा वेळ. एकूण एकोणीस ते बावीस तासांत पोचवणारं तिकीट चांगलं समजा. सव्वीस-अठ्ठावीस तासांचं स्वस्त तिकीट तरुण मुलांना ठीक आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाने परक्या विमानतळावर बाकड्यावर आठ तास काढायचे, हे मला पटत नाही.

पूर्वेकडून, म्हणजे सिंगापूरमार्गे, कुणी सुचवलं तर नको म्हणा. उलट्या दिशेला जाऊन तिथून पुन्हा जगातला सर्वांत लांबचा विमानप्रवास करायचा, सिंगापूर ते न्यूयॉर्क, पंधरा हजार किलोमीटरच्या वर.

माझं मत विचाराल तर सत्तरीच्या पुढे असाल आणि एका जागी बसवत असेल तर थेट. पाय सुजत असतील, पाठ धरत असेल, तर मधे एक थांबा, तीन तासांचा. दीड तासाचा थांबा तिकिटावर दिसायला छान असतो. पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की दुसऱ्या टर्मिनलला पोचेपर्यंत दार बंद झालेलं असतं.

दोन सापळे इथे आहेत.

पहिला: दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास. मुंबई-लंडन एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळ्या बुकिंगवर घेतलं, तर बॅगा मधेच ताब्यात घ्याव्या लागू शकतात. त्यासाठी त्या देशाच्या आत जावं लागतं, आणि मग व्हिसाचा प्रश्न येतो. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर ती जबाबदारीही तुमचीच. पूर्ण प्रवास एकाच बुकिंग क्रमांकावर हवा. तिकीट मुलाने काढलं असेल तरी हे एकदा विचारा.

दुसरा: ट्रान्झिट व्हिसा. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की बऱ्याच ठिकाणी नुसतं विमान बदलायला वेगळा व्हिसा लागत नाही. पण नियम देशागणिक वेगळे आणि बदलते. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी बघा, नंतर नव्हे.

अबू धाबीवरून जाणार असाल तर एक वेगळी गोष्ट: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग नसते. मात्र अबू धाबीतला थांबा त्यासाठी पुरेसा लांब हवा.

४. तिकिटावरच्या वेळा वाचायला शिका

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. वजाबाकी केलीत की उत्तर चुकतंच. उदाहरण घेऊ. मुंबईहून पहाटे ४:३० ला निघालात, दुबईला ६:१५ ला पोचलात. दिसायला पावणेदोन तास. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून खरे सव्वातीन तास. दुबईहून ८:३० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २:३० ला. दिसायला सहा तास, आणि प्रवास चौदा तासांचा.

यावर उपाय एकच. सगळा हिशेब मुंबईच्या घड्याळात करा. न्यूयॉर्कची वेळ मुंबईच्या मागे असते: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. हा एक तासाचा फरक का, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे ते लक्षात राहत नाही. ऑक्टोबरात जाऊन डिसेंबरात परतणार असाल तर जातानाचा हिशेब साडेनऊचा आणि येतानाचा साडेदहाचा.

वरच्या उदाहरणात न्यूयॉर्कचे दुपारचे २:३० म्हणजे मुंबईचे रात्रीचे १२. पहाटे साडेचार ते रात्री बारा, साडेएकोणीस तास. झाला हिशेब.

आता मध्यरात्रीचा सापळा. हा आमच्यावर बेतलेला आहे.

मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आमच्या पहिल्या तिकिटावर छापलं होतं, १२ मे, ००:५५. आम्ही धरून चाललो की बाराला रात्री निघायचं. अकराला संध्याकाळी सहा वाजता मी मेतकुटाच्या डब्याला चिकटपट्टी लावत होते, बॅगा उघड्याच होत्या, आणि लेकीचा फोन आला. "आई, घाटाच्या पुढे गेलात ना?" मी म्हटलं, "अगं, उद्या निघायचंय." पलीकडे ती काही क्षण बोललीच नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, बारा तारीख आज रात्रीच लागते."

शेजारच्या मुलाने जेवणाचं ताट बाजूला सारून गाडी काढली. घाटात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. विमानतळावर अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे पाऊण तास हातात होता. त्या मुलाचे उपकार आम्ही अजून विसरलेलो नाही.

म्हणून तिकिटावर ००, ०१, ०२ किंवा ०३ ने सुरू होणारी वेळ दिसली की दिनदर्शिकेवर आदल्या दिवशीच्या चौकोनात लिहा: आज दुपारी निघायचं. आणि ते वाक्य मुलाला फोनवर वाचून दाखवा.

पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत +१ असेल तर पोचायची तारीख निघण्याच्या दुसऱ्या दिवसाची. जाताना ते सहसा नसतं, कारण मुंबईहून मध्यरात्री निघून त्याच तारखेच्या सकाळी आपण न्यूयॉर्कला असतो. परतीला असतंच.

५. घर ते घर हिशेब मांडा

आम्ही दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाच्या मागे लिहितो. डावीकडे मुंबईची वेळ, उजवीकडे तिथली. उन्हाळ्यातल्या थेट विमानाचं आमचं पान असं:

दुपारी ४:०० – कोथरूडहून निघालो
रात्री ८:३० – विमानतळ
रात्री १:३० – विमान सुटलं
संध्याकाळी ५:१५ – विमान उतरलं (तिथे सकाळी ७:४५)
संध्याकाळी ६:४५ – इमिग्रेशन आणि बॅगा घेऊन बाहेर (तिथे ९:१५)
संध्याकाळी ७:४५ – लेकीचं घर (तिथे १०:१५)

चार ते दुसऱ्या दिवशीचे पावणेआठ. पावणेअठ्ठावीस तास.

पुण्याहून मुंबईपर्यंत साडेचार तास धरले ते जास्त वाटतील. दीडशे किलोमीटरचा रस्ता, मोकळा असेल तर तीन तास. शुक्रवारची संध्याकाळ, पावसाळा, घाटात उलटलेला एखादा कंटेनर, यातलं काहीही आड येऊ शकतं. विमानतळावर दोन तास जास्त बसलेलं परवडतं.

हे पान हातात असलं की औषधं, जेवण आणि झोप कुठे येते ते दिसतं. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर हेच पान डॉक्टरांना दाखवा आणि डोस कधी घ्यायचा ते त्यावरच लिहून घ्या. ह्यांचं हातातलं घड्याळ एडिसनच्या घरी पोचेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर असतं. फोन उतरल्याबरोबर आपोआप बदलतो, म्हणून फोनवर विसंबत नाही.

६. जवळ ठेवायची कागदपत्रं

हँडबॅगेत, एका पारदर्शक पिशवीत, कागदावर. फोनची बॅटरी संपते.

– पासपोर्ट. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा दोन्ही. जुना कपाटात राहिला तर विमानात बसू देणार नाहीत.
– जाण्या-येण्याचं तिकीट छापून.
– मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आणि फोन, मोठ्या इंग्रजी अक्षरांत.
– प्रवास विम्याचा कागद.
– डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसकट. औषधं त्यांच्या पाकिटांतच ठेवा, डबीत सुटी नकोत.
– वेळांचं ते पान.

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. पोचल्यावर मुलांकडून ती ऑनलाइन बघून घ्या आणि परतीचं तिकीट तिच्या आतलं आहे ना, ते पडताळा.

व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच मागा. त्यात संकोच कसला? मोठ्या विमानतळावर एक-दीड किलोमीटर चालावं लागतं, आणि मदतनीस सोबत असला की रांगा कुठे ते शोधावं लागत नाही.

७. सामान

बॅगांची संख्या आणि वजन तिकिटावर लिहिलेलं असतं. घरी वजनकाट्यावर तोलून एक किलो कमीच ठेवा. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला हे सगळं मोठ्या बॅगेत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका. त्यात तेल फार, म्हणून त्या ज्वलनशील धरतात आणि बॅग उघडून काढून ठेवतात. आंबे तर नाहीच. पॉवर बँक मात्र उलटं: ती हातातल्या बॅगेतच हवी.

खायचे पदार्थ सोबत आहेत का असं तिथे विचारतील. हो म्हणा आणि काय आहे ते सांगा. नाही म्हणून नंतर लाडू सापडले तर दंड होऊ शकतो.

पुढे आणखी एखादं देशांतर्गत विमान असेल, समजा नेवार्कहून शिकागो, तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी किमान तीन तास ठेवा.

८. विमानातले सोळा तास

येण्या-जाण्याच्या वाटेलगतची सीट मागा. दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालत जा. बसल्या जागी टाचा वर-खाली करा. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका लांबच्या प्रवासात खरा असतो. ज्यांना पूर्वी तसा त्रास झाला आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. पाणी थोडं थोडं, सारखं प्या. शौचालयाला जावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका, वाटेलगतची सीट त्यासाठीच घेतली आहे.

शाकाहारी जेवण आधी नोंदवावं लागतं, "भारतीय शाकाहारी" असं स्पष्ट. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा. आइसलँड दिसलं की अर्ध्याहून जास्त वाट सरली.

९. उतरल्यावर

इमिग्रेशनला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. कुणाकडे आलात, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का, एवढंच सहसा विचारतात. विचारलं तेवढंच सांगा.

सकाळी पोचलात तर झोपू नका. शरीराच्या लेखी ती संध्याकाळ असते आणि दुपारी दोन वाजता डोळे मिटायला लागतात. उन्हात फिरून या, तिथल्या रात्री आठ-नऊपर्यंत तग धरा. पहाटे तीनला जाग येईल, आठवडाभर येईल. त्या वेळी मुंबईत दुपारचे साडेबारा असतात. गावच्या नातेवाइकांना फोन करायला तेवढी एक वेळ बरी.

परतल्यावर शरीर रुळायला जास्त दिवस लागतात, पूर्वेकडचा प्रवास अंगाला जड जातो. एक आठवडा कुणाला जेवायला बोलावू नका, बँकेची कामं ठेवू नका.

परतीचा हिशेब उन्हाळ्यात सोपा आहे. साडेचौदा तासांचा प्रवास आणि साडेनऊ तासांचा फरक, मिळून बरोबर चोवीस. नेवार्कहून दुपारी साडेबाराला निघालात तर मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारालाच उतरता. पुण्याच्या गाडीचं बुकिंग करताना ती दुसरी तारीख सांगा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडी एक दिवस आधी येऊन रिकामी परत गेली होती.